दादाले विचारून खेळ

कमल, आज तुला नावानं हाक मारतेय आणि 'तू' म्हणतेय. या घरात आले तेव्हापासून तू मोठी जाऊ, म्हणून 'जाऊबाई' आणि 'तुम्ही'. सासूबाईंसमोर 'तुम्ही', पाहुण्यांसमोर 'तुम्ही', भांडतानासुद्धा 'तुम्ही'. "तुम्ही मेल्या तरी माह्या मागचा ताप जाणार नाही," हेही मी एकदा असंच आदरानं म्हटलं होतं. आता तू मेलीस. तेरावं होऊन चार दिवस झाले. सतरंज्या परत गेल्या, मोठी पातेली परत गेली, तुझा भाऊ भिवापूरला परत गेला. घरात मी, माझा दिलीप आणि त्याचे वडील. आता तुला 'तू' म्हटलं तर कोण मला काय करणार आहे?

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. वीस वर्षं राहिली. तू होतीस तोवर सांगितली नाही, दहाव्याला घाटावर सांगता आली असती, तिथेही गिळली. ती सांगायलाच बसले आहे. पण सरळ मुद्द्यावर येण्याचा माझा स्वभाव नाही हे तुला ठाऊक आहे. आधी मी तुझी उणीदुणी काढणार.

भेटायला आलेले सगळे तुझ्या हातांबद्दल बोलत होते. प्रताप नगरातल्या आपल्या गल्लीत असं घर नव्हतं, जिथल्या पाळण्यावर तुझं चिमणाळं टांगलेलं नव्हतं. जुन्या खणाच्या तुकड्यांच्या चिमण्या, पोटात सावरीचा कापूस, चोचीला लाल मणी, आणि सगळ्या एका काडीला लोंबकळणाऱ्या. मणी तू दोनदा ओढून पाहायचीस, तान्ह्याच्या हाती तुटून तोंडात जायला नको म्हणून. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची गाडी, काड्यापेट्यांची आगगाडी, पावडरच्या डबीत चिंचोके घालून वरून कापड शिवून टाकलेला खुळखुळा. बाजारातून पोरांसाठी काही आणायचं असतं हे आपल्या गल्लीला ठाऊकच नव्हतं. कोणी विचारलं, कसं केलं हो, तर तू म्हणायचीस, "काही नाही वं, घरात पडलं होतं."

तुझ्या जिभेबद्दल मात्र कोणी बोललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून लोक गप्प बसतात. मी नाही बसणार. दिलीपचे वडील तुला माघारी 'भिवापुरी' म्हणायचे, आणि तिथली मिरची खाल्लेला माणूस त्यांना लगेच हसून दाद द्यायचा. एकदा मी हौसेनं चिंधीची बाहुली केली. एक पाय आखूड झाला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर तू ती उचलून धरलीस.

"पाहा वं बाई, लंगडी आहे. हिच्या हाताले काहीच येत नाही. एक पोर तेवढं जमलं, तेही घाईत."

दिलीप सातव्या महिन्यात झाला होता. बायका हसल्या. मीही हसले आणि म्हणाले, "घाईत जमलं असन जाऊबाई, पण टिकलं."

तुझा मनोहर चौदा महिन्यांचा होऊन गेला, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, हे तिथे प्रत्येकीला माहीत होतं. तू मान वर केली नाहीस. बाहुलीचा पाय उसवलास, बोळे भरून सारखा केलास, परत शिवलास आणि माझ्या हातात दिलीस. मला त्या वेळी जराही लाज वाटली नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पण दिलीप टिकला तो कोणामुळे, हेही सांगायला हवं. इथे मी खोटं बोलणार नाही.

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. त्यात आपल्या घरची रीत अशी की पोटातल्या जिवासाठी आधी काही करून ठेवायचं नाही. सुईत दोरा ओवायचा नाही, दुपटं कापायचं नाही, पाळण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. पोर हाती आलं की मग बारा दिवसांत बायकांनी बसून सगळं करायचं, तेही जुन्या सुती कपड्याचं. बारशापर्यंत अंगाला नवं लागू द्यायचं नाही. इतर घरी ते जमतं, कारण पोर आपल्या वेळेला येतं. दिलीप ऐन थंडीत, दोन महिने आधी आला, ओंजळीत मावेल एवढा. घरात एक चिंधी तयार नव्हती. सुईण त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाप्पा, याचं काही खरं नाही," आणि हात धुऊन निघून गेली.

तू त्याला सावरीच्या कापसात गुंडाळलंस. शेगडीत विटा तापवून, फडक्यात बांधून त्याच्या दोन्ही अंगांना ठेवल्यास, आणि गार झाल्या की बदलत राहिलीस. त्याला ओढता येत नव्हतं, तर माझं दूध वाटीत काढून कापसाच्या वातीनं थेंब थेंब त्याच्या ओठात सोडलंस. आठ दिवस तू पाठ टेकली नाहीस. मी पलंगावर पडून बघत होते. तुझ्या मांडीवर तो इतका शांत असायचा की मला तुझा राग यायचा. हो, राग. माझं पोर वाचवणाऱ्या बाईचा मला राग येत होता. सासूबाई तेल लावताना म्हणायच्या, "मनोहर याच्या दुप्पट होता. गोराही होता." तुझी मान किंचित हलायची, ते मला दिसायचं.

नवव्या दिवशी तू इतवारीच्या बाजारात गेलीस, त्याच्या गादीसाठी आणखी कापूस आणायला. सासूबाई देवळात गेल्या होत्या. आभाळ भरून आलेलं, लंगोट वाळत नव्हते. दिलीप ओला झाला आणि खाली घालायला सुकी चिंधी उरली नाही. बाळंतिणीनं उठायचं नसतं. मी उठले. मधल्या खोलीतली लोखंडी ट्रंक उघडली, निळ्या चौकडीचं एक जुनं लुगडं काढलं, मळलेलं, दुधाच्या डागांनी कडक झालेलं. अंगणातल्या चुलीवर सोडा घालून उकळलं, पिळलं, फाडून त्याचे चौकोन केले आणि दोरीवर टाकले. तोवर ऊन पडलं होतं.

तू आलीस, कापसाचं गाठोडं काखेत.

"हे कुठचं वं?"

"ट्रंकेतलं. मळलेलं होतं, म्हणून सोड्यात उकळलं."

"सोड्यात," तू म्हणालीस.

मग तू दोरीवरचा एक तुकडा नाकाशी धरलास. मग दुसरा. एकेक करत तू दोरीच्या त्या टोकापर्यंत गेलीस. मी दारात उभी होते. तू मागे वळलीस तेव्हा तुझा चेहरा नेहमीसारखाच होता.

"वाळले की लगेच घडी घाल. ओले राहिले तर पोराले सर्दी होईन."

एवढंच. संध्याकाळी सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. मनोहर शेवटचे तीन दिवस त्याच लुगड्यात तुझ्या मांडीवर होता. तू ते कधी धुतलं नव्हतंस. त्याचा वास राहिला होता म्हणे त्यात. मी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "अवं माय, मले काय माहीत?" दुसऱ्या दिवशी हेच तुला म्हणाले. नंतर जी विचारेल तिला हेच म्हणत आले. तूही सगळ्यांना सांगायचीस, "तिले काय माहीत होतं बिचारीले."

लंगोटांचं काम संपलं तसं तू ते चौकोन गोळा केलेस, धुतलेस, ट्रंकेत ठेवलेस. मला वाटलं, संपलं. मग दिलीप बसायला लागला आणि तू त्याला चेंडू करून दिलास. चिंध्यांचा, गोल गरगरीत, वर निळ्या चौकडीचं कापड. मग हत्ती, निळ्या चौकडीचा. मग बाहुला. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी, स्वतःचं दुःख गिळून दुसरीच्या पोराचे लाड करते. मी मान डोलवायचे. कारण खेळणं हातात देताना तू त्याच्या कानाशी काय म्हणायचीस ते फक्त मी ऐकत होते.

"हे तुह्या दादाचं होय. दादाले विचारून खेळ."

तो विचारायचा. नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून विचारायचा. चेंडू उचलायच्या आधी थांबून हवेत बघायचा, "दादा, घेऊ?" मग जणू कोणी हो म्हटल्यासारखा हसून खेळायला लागायचा. खाऊतला अर्धा बाजूला ठेवायचा. तू एका सुईनं आणि मूठभर कापसानं तुझं पोर परत घरात आणलंस, आणि त्याची राखण माझ्या पोराकडे दिलीस. मी तुला कधी विचारलं नाही, काहून करता असं. विचारलं असतं तर तू मला लुगड्याचं विचारलं असतंस.

तो चार वर्षांचा झाला तेव्हा पोळ्याला तू त्याच्यासाठी बैल केलास. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर निघाली, आणि त्यांच्यात आपला दिलीप, काखेत कापडाचा बैल. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, अंगावर निळी चौकडी. तसा देखणा बैल त्या वर्षी कोणाचाच नव्हता. कोपऱ्यावरच्या घरी मालकीणबाई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या. मी मागेच उभी होते.

"हा एवढा सुंदर बैल कोणाचा गा?"

"माह्या दादाचा. मी त्याले विचारून आणला."

"दादा कुठं आहे तुह्या?"

"ट्रंकेत राहते."

त्यांचं ताट तसंच हातात राहिलं. त्यांनी आपल्या नातवाला दंडाला धरून मागे ओढलं. दिलीप ओवाळून घ्यायला कपाळ पुढे करून उभा होता. त्याला त्यांनी लांबूनच बोजारा म्हणून द्यायचा खाऊ दिला आणि दार लोटलं. पुढचे पंधरा दिवस आपल्या अंगणात कोणाचं पोर खेळायला आलं नाही.

सोळाव्या दिवशी मी सगळी खेळणी गोळा केली. हत्ती, चेंडू, बाहुला, बैल. ट्रंकेतले उरलेसुरले तुकडेही. दिलीप झोपला होता. तुझ्या आंघोळीचा बंब मी पेटवला आणि एकेक करून आत टाकलं. सावरीचा कापूस भपकन पेटतो, हे मला तेव्हा कळलं. पाणी कढत झालं. तू आंघोळ करून बाहेर आलीस, केसांना पंचा गुंडाळलेला.

"पाणी कसं होतं जाऊबाई?"

"आज चांगलं कडक होतं वं."

"दिलीपची खेळणी घातली होती बंबात. सगळी."

तू पंचा सोडलास. केसांतून पाणी गळत होतं.

"बैल पण?"

"बैल पण."

तू आत गेलीस आणि केस विंचरत बसलीस. मी स्वयंपाकाला लागले. मला आनंद झाला होता, दुसरं काही नाही. आज हे सांगताना तो आनंद जसाच्या तसा आठवतो, आणि मला स्वतःची किळस येते.

दुपारी तू जुनी वर्तमानपत्रं मागितलीस. ती भिजवलीस, मेथ्या घालून कुटलीस, लगदा केलास आणि त्याचा घोडा केलास. चार दिवस तो गच्चीवर वाळला. त्याला गेरू लावलास, डोळे काढलेस. दिलीपला दिलास.

"दादाचा?" त्यानं विचारलं.

"नाही. हा तुह्याच. कोणाले विचारू नको."

त्यानं घोडा खाली ठेवला आणि परत हात लावला नाही. महिनाभर तो दर दुपारी ट्रंकेवर कान ठेवून पडायचा. त्या महिन्यात आपण दोघींनी त्याला किती समजावलं! दोघींनी मिळून केलेलं तेवढंच एक काम.

पुढे बरं चाललं आपलं. खरंच बरं चाललं. भाऊजी गेले, सासूबाई गेल्या, आपण दोघी एका चुलीवर राहिलो. लगद्याचा घोडा शिकायला गल्लीतल्या पोरी तुझ्याकडे यायच्या आणि मी त्यांना चहा द्यायचे. दिलीपला घडी घालून होडी, पाखरू, बेडूक सगळं तू शिकवलंस. त्याचे हात तुझ्यासारखे झाले, माझ्यासारखे नाहीत, याचं मला बरंही वाटायचं आणि टोचायचंही. मला मलेरिया झाला तेव्हा तू माझ्या उशाशी बसलीस. तुझं पोटाचं दुखणं निघालं तेव्हा मी तुझं सगळं केलं, सगळं. कोणी मला नाव ठेवायला जागा नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी घरात आपण दोघीच होतो. मी तुला पेज भरवत होते. मी म्हटलं, "जाऊबाई, त्या लुगड्याचं मले तुम्हाले..."

"पेज आळणी झाली वं," तू म्हणालीस.

मी मीठ आणायला गेले. परत आले तोवर तू डोळे मिटले होतेस. तुला झोप लागली होती की तुला ऐकायचंच नव्हतं, ते तूच जाणे. तुला सगळं आधीपासूनच ठाऊक होतं का, तेही मला कधी कळणार नाही. वीस वर्षं तू मला बिचारी म्हणत आलीस, ते खरंच म्हणत होतीस की मला भाजत होतीस?

दहाव्याला घाटावर बायकाही गेलो होतो. दिलीपनं तुला अग्नी दिला होता, पिंडही त्यानंच ठेवला. कडुनिंबावर कावळे होते, पण एकही खाली येईना. दिलीप म्हणाला, "मोठ्याई, तुह्या पोरींचा घोड्याचा वर्ग मी चालू ठेवीन." कावळा आला नाही. तुझा भाऊ म्हणाला, "बाई, माहेरची साडी राहिली तुही, सवाष्णीले नेसवीन." नाही आला. ऊन चढत होतं, लोकांना भूक लागली होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊ म्हणाला, "तुम्ही बोला. तिच्या मनातलं तुमच्याशिवाय कोणाले माहीत?"

मला माहीत होतं. काय बोललं म्हणजे तू खाली येशील ते मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. समोर वीस-पंचवीस माणसं आणि माझा दिलीप उभा होता. मी हात जोडून म्हणाले, "तुमच्या देवाची पूजा मी करीन." एक कावळा खाली उतरला, पिंडाच्या वीतभर अंतरावर आला, मान वाकडी करून थांबला आणि उडून गेला.

शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. दिलीपनं त्यांच्या हातून दर्भ घेतला. "द्या, मी करतो." दोन मिनिटांत त्यानं कावळा केला, पंख मिटलेला, चोच जराशी उघडी, डोळ्याच्या जागी तीळ खोचलेला. लोक म्हणाले, काय हुबेहूब केला! मलाही वाटलं, छान केला. तो त्यानं पिंडाला लावला आणि आम्ही सगळे घरी येऊन जेवलो.

आता ऐक.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच वर्षी एका दुपारी दाराच्या फटीतून मी तुला पाहिलं होतं. ट्रंक उघडी होती आणि तू ते लुगडं तोंडावर धरून बसली होतीस. ते काय आहे हे समजायला मला सासूबाईंची गरज नव्हती. मला माहीत होतं. आणि त्या दिवशी ट्रंकेत सर्वांत वर सासूबाईंची दोन लुगडी होती, जुनी, मऊ, धुऊन घडी घातलेली. दिलीपला महिनाभर पुरली असती. ती मी उचलून बाजूला ठेवली. खालचं काढलं आणि तुझ्यासारखंच तोंडावर धरलं. आंबलेलं दूध, वेखंड, ओव्याची धुरी. माझ्या पलंगावर माझ्या पोराला जो वास येत होता तोच, जरासाही वेगळा नाही. तुझ्या मांडीवर माझं पोर का शांत होतं ते मला तेव्हा कळलं. तू त्याला घेऊन बसायचीस तेव्हा मनोहरलाच घेऊन बसायचीस. या घरात दोन पोरांचा वास मला नको होता. मी चूल पेटवली, पातेलं ठेवलं, सोडा टाकला. एकदा उकळून वास गेला नाही. मी परत तोंडावर धरून खात्री केली, आणखी मूठभर सोडा टाकला आणि दुसऱ्यांदा उकळलं.